चाकांवरचा संसार पुरे; आता शिडाखाली या!

पुणेकर घर सोडतो म्हणजे काय करतो? दुसरे घर चाकांवर चढवून बरोबर नेतो! शेगडी, पाण्याची टाकी, दुमडता पलंग आणि चकल्यांचा डबा असा संसार कॅम्परव्हॅनमध्ये भरून तो ताम्हिणी घाट उतरतो, दिवेआगरच्या वाळूपाशी थांबतो आणि म्हणतो, “झाले, रस्ता संपला!”

आमचे म्हणणे असे, की खरा प्रवास तेथून सुरू व्हावयास हवा.

कॅम्परव्हॅनची आम्हांस कुचेष्टा करावयाची नाही. थोडक्यात भागवण्याचा धडा तिने दिला. राज्य शासनानेही 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण काढले. पण हे स्वातंत्र्य पेट्रोलपंपाच्या दावणीला बांधलेले! शिडाच्या नौकेला वारा पुरतो, दिव्यांपुरती वीज सूर्य देतो आणि आडोशाच्या खाडीत नांगर टाकला की मुक्काम. मात्र ही मुखत्यारी फुकट मिळत नाही. गोडे पाणी तांब्याने मोजावे लागते, भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाळावे लागते, वारा चढण्याआधी शीड आखडावे लागते. बिघाड झाला तर मिस्त्री आपणच. शिस्तीवाचून स्वातंत्र्य नाही, हे समुद्राइतके रोखठोक कोण शिकवील?

“हे श्रीमंतांचे खेळणे!” असा आक्षेप येईल. मग लाखो रुपये ओतून सजवलेली गाडी काय गरिबाची झोपडी आहे? जुनी, लहान नौका चौघांनी भागीत घ्यावी. “पावसाळ्यात काय?” कोळी बांधव करतात तेच! ते होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा लोटतात. “पण हे आपले काम नव्हे!” हा तिसरा आक्षेप मात्र अस्सल पेठी. नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये चार बंदरे घेत एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधली. फार लांब कशाला, खडकवासल्याच्या पाण्यावर प्रबोधिनीचे छात्र शीड हाकारावयास शिकतात, आणि आपण? काठावर उभे राहून भाजलेले कणीस खातो!

वाचकहो, पुण्यावर समुद्राचे जुने देणे आहे. शिवछत्रपतींनी आरमार उभारले, कान्होजी आंग्र्यांनी त्याचा दरारा वाढवला. आणि पुण्यातून राज्य हाकणाऱ्या नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांशी असलेल्या वैरापायी इंग्रजांना हाताशी धरले. 1756 साली विजयदुर्गाखाली मराठ्यांचेच आरमार जळाले. ज्या गावाने समुद्राकडे पाठ फिरवली, त्यानेच आता तोंड वळवावे.

उद्याच कोणी उठून दर्यात शिरू नये. आधी पोहणे शिका, मग दोर, मग शीड. एक अख्खा हंगाम जाणत्या तांडेलाच्या हाताखाली काढा. शासनाकडे मागणे एवढेच, की गाड्यांसाठी धोरण केलेत, तसे नौकेवर राहणाऱ्यांसाठीही करा. कोळ्यांच्या जाळ्यांच्या वाटा सोडून खाड्यांत नांगराच्या जागा, गोड्या पाण्याचा नळ, सुटसुटीत नोंदणी आणि शिकवणीचे वर्ग द्या. धनिकांच्या वेगवान बोटींसाठी धक्का नको. निवृत्त मास्तर आणि मास्तरीणबाईंच्या होडीला जागा हवी.

सातशे किलोमीटरांहून लांब किनारा ज्यांच्या अंगणाला लागून आहे, त्यांनी आकाशकंदील केवळ गॅलरीतच टांगावा? एखादा डोलकाठीवरही चढू द्या!