पाच वाजता आलेले मजूर

आज १ मे. महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि कॅथलिक चर्चमध्ये १९५५ पासून श्रमिक संत योसेफ यांचाही सण. सुताराच्या घरात वाढलेल्या येशूच्या दाखल्यांत पेरणी, कर्ज, मजुरी, हिशेब यांचीच वर्दळ असावी, यात नवल नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा मालक भल्या पहाटे बाजारात जाऊन एक दिनार रोजाने मजूर आणतो. मग नऊला, बाराला, तीनला पुन्हा फेरी. पाच वाजताही काही जण उभेच. दिवसभर रिकामे का, तर कोणी कामाला लावलेच नाही. (आपल्याकडचा मजूर नाका उन्हे चढल्यावर पाहिलेल्याला हे उत्तर नवे नाही.) संध्याकाळी सर्वांच्या हातावर एकेक दिनार. पहाटेपासून राबलेले साहजिकच कुरकुरतात.

सांगणाऱ्याची खुबी पाहा. पैसे वाटायला सुरुवात होते ती शेवटी आलेल्यांपासून. पहिल्यांना आधी वाटेला लावले असते तर ते खुशीत घरी गेले असते. तंटाही नाही आणि गोष्टही नाही. त्यांना मुद्दाम बघायला लावले आहे. मी उदार झालो तर तुला का खुपते, असे मालक विचारतो. मजूर काय म्हणाले, ते कळत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊही असाच दाराबाहेर राहतो; तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

म्हणूनच दाखल्याला सोपी बोधकथा म्हणणे आम्हाला पटत नाही. हा दाखला सांगण्याआधी नुकतेच येशूचा शिष्य पेत्र याने विचारले होते, आम्ही सर्व सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? उपदेश केला असता तर त्याने मान डोलावली असती. गोष्ट ऐकताना तो पहाटेच्या मजुरांत जाऊन उभा राहतो आणि तिथेच सापडतो.

याच दाखल्यातून इंग्रज लेखक जॉन रस्किनने आपल्या पुस्तकासाठी ‘अन टू धिस लास्ट’ हे शीर्षक घेतले. १९०४ मध्ये जोहान्सबर्ग-डर्बन प्रवासात ते पुस्तक वाचून गांधीजींनी डर्बनजवळ फिनिक्स वसाहत काढली. तिथे सर्वांना सारखेच, महिना तीन पौंड ठरले. गांधीजींच्या छापखान्यातले कामगार तेवढ्यावर राजी होतील का, हा प्रश्न तेव्हाही होताच.

वाचकांनी आज तो अध्याय काढून वाचावा. मात्र पहाटेच्या मजुरांची तक्रार घाईघाईने निकालात काढू नये.