परत येणाऱ्याला दुप्पट, बोलावणाऱ्याला किती?

नोव्हेंबर 2024 मध्ये रत्नागिरी तालुक्यात नाखऱ्याच्या चिरेखाणीवर 13 बांगलादेशी पकडले गेले. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन दिवस तोच विषय. ‘हाकलून काय उपयोग, महिन्याभरात परत येतात. दुसऱ्यांदा सापडला की दहा वर्षं आत टाका.’ लिहिणारे सगळे माझ्यासारखेच, इंजिनिअरिंग करून लॅपटॉपवर पोट भरणारे.

मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण दयामाया नाही. हा प्रयोग आपण आधीच केलाय. 1920 च्या पासपोर्ट कायद्यात 2000 साली दुरुस्ती झाली आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर दुप्पट. म्हणजे ग्रुपवर मागितलेली दहा वर्षं तेव्हा कायद्यात होतीच, कुणाला पत्ता नव्हता इतकंच. 1 सप्टेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. कागदांशिवाय शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. रोजावर चिरे काढणारा पाच लाख कुठून आणणार?

अमेरिकेचं उदाहरण हल्ली सगळे देतात. तिथे डिपोर्ट झालेला परत शिरला तर दोन वर्षांपर्यंत कैद, आधी गंभीर गुन्हा असेल तर वीसपर्यंत. तरी फेडरल कोर्टांत सर्वांत जास्त चालणाऱ्या खटल्यांमध्ये हे फेरप्रवेशाचे खटले आहेतच.

सर्व्हरवर ब्लॉक केलेली रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा येत राहिली, तर मी आधी बघतो की आतून तिला ‘ओके’ कोण पाठवतंय. इथे ‘ओके’ पाठवणारे आपल्याच तालुक्यातले आहेत.

पटत नसेल तर मिरकरवाड्याच्या जेटीवर जा. बोटींवर खलाशी नेपाळी. आंब्याच्या बागेत राखणीला गुरखा, तोही नेपाळी. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की गावी जातात, ऑगस्टात परत. याला कुणी फेरप्रवेश म्हणत नाही, कारण 1950 च्या भारत-नेपाळ करारानं त्यांना इथे राहायची, काम करायची मुभा दिली आहे. गरिबी तीच, अंगमेहनत तीच, एजंटही बहुधा तसलाच. एक ‘आमचा बहादूर’ आणि दुसरा घुसखोर! बांगलादेशची सीमा उघडा असं मी म्हणत नाही. पण आपल्याला मजूर हवाच असेल, तर हंगामापुरतं परमिट द्यावं, बोटांचे ठसे घ्यावेत, मालकाचं नाव नोंदवावं.

‘आणि सुरक्षा?’ कोकणात हा प्रश्न येणारच, यायलाच हवा. 1993 च्या स्फोटांचं आरडीएक्स शेजारच्या रायगडात, शेखाडीला उतरलं. पण ते कुणा परत आलेल्या मजुरानं आणलं नव्हतं. पैसे घेऊन वाट मोकळी करणारे कस्टम आणि पोलीस खात्यातले लोक 2006 मध्ये कोर्टात दोषी ठरले. दार आतून उघडलं होतं.

आणि आतल्यांसाठीही कलम होतं. 2004 मध्ये जुन्या परकीय नागरिक कायद्यात ते घातलं गेलं: अशा गुन्ह्याला मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा. आमच्या ग्रुपवर कुणी ते वापरा म्हणालं नाही. खाणवाला कुणाचा तरी काका असतो, बोटवाला कुणाचा तरी मामा.

पुढच्या धाडीची बातमी आली की पकडलेल्यांचा आकडा सोडा. त्यांना शेवटचा पगार कुणी दिला, राहायला खोली कुणी दिली आणि त्या माणसावर कुठलं कलम लागलं, तेवढं वाचा. नसेल लिहिलेलं, तर बातमीदाराला विचारा.