धंदा मुसळीचा नाही, बेण्याचा आहे

राजेहो, ती जाहिरात पुन्हा गावच्या ग्रुपवर फिरून राहिली. "सफेद मुसळी लावा, एकरी लाखो कमवा. बेणं आमचं, खरेदीची हमी आमची." खाली मोबाईल नंबर, पत्ता नाही. दोन दिवसांत तिघांनी विचारलं, "भाऊ, घ्यावं काय?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथंच लिहितो. कोणाला राग आला तर येऊ द्या.

आधी एक कबूल करतो. मुसळी हे खोटं पीक नाही. आयुर्वेदिक औषधवाल्यांना ती लागते, आणि आपल्या अकोट-अंजनगाव पट्ट्यातले पानपिंपरीवाले शेतकरी ती पिकवून दाखवतात. खोटा आहे तो जाहिरातीतला हिशोब.

खरा हिशोब ऐका. जूनमध्ये गादीवाफ्यावर लागवड. एकराला समजा चार क्विंटल बेणं लागलं आणि भाव ३०० रुपये किलो धरला, तर पाऊस पडायच्या आधीच १ लाख २० हजार रुपये वावरात गाडले. त्यात नुसतं बोट उगवत नाही, त्याला वरचा डोळा लागतो. डोळा तुटलेलं बोट म्हणजे मातीत टाकलेले पैसे. सोयाबीनच्या पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते, उगवलं नाही तर तक्रार करता येते. मुसळीच्या पोत्यावर असं लेबल मी तरी पाहिलेलं नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडून गळतात. मूळ जमिनीतच पक्कं होऊ द्यायचं. मग एकेक झुबका खणा, धुवा, चाकूनं एकेक बोट सोला, वाळवा. पाच किलो ओल्या मुसळीची जेमतेम किलोभर सुकी होते. सोलणाऱ्या बायांची मजुरी हातोहात द्यावी लागते, माल विकला जावो न जावो. वाळवताना आभाळ आलं की बुरशी.

आता खरी गोम. एका एकरात निघालेलं बेणं पुढच्या वर्षी तीन एकरांना पुरतं. तीनाचे नऊ, नवाचे सत्तावीस. जोवर नवा शेतकरी सापडतो, तोवर ओली मुसळी बेण्याच्या भावानं जाते. पहिल्या दोघा-चौघांचे खरंच पैसे होतात, आणि त्यांचेच फोटो जाहिरातीत झळकतात. नवा शेतकरी मिळेनासा झाला की मागच्यांच्या ढिगाला बेण्याचं गिऱ्हाईक उरत नाही. मग सोलून, वाळवून औषधाच्या व्यापाऱ्याच्या दारात जावं लागतं, आणि तिथं मुसळीचा खरा भाव कळतो. इमूत हेच झालं, कडकनाथमध्ये हेच झालं. पक्षी गेला, मूळ आलं, बाकी खेळ तोच.

माझ्या काकांकडे असाच एक करार अजून ट्रंकेत आहे. स्टॅम्प पेपरवर शिक्का, सही, सगळं. फक्त मधे एक ओळ आहे: माल "कंपनीच्या गुणवत्तेत बसल्यास" खरेदी. माल बसला नाही. दुसऱ्या खेपेला फोनही लागला नाही. काकांनी त्यासाठी बैलजोडी विकली होती.

काही शहाणे म्हणतात, शेतकरीच लोभी. अरे बाप्पा, कापूस-सोयाबीनच्या भावानं ज्याचं कंबरडं मोडलं, तो दुसरं पीक शोधणार नाही तर काय करणार? लोभ त्याचा नाही. गरज त्याची आहे, आणि तिच्यावर धंदा दुसऱ्याचा आहे.

हळदीकडे पहा. तीही जमिनीतून निघते, तीही औषधी. पण सांगलीत, वसमतला तिचे उघडे सौदे होतात. भाव पडतो, चढतो, पण चार व्यापारी बोली लावतात आणि माल विकून माणूस घरी येतो. मध्य प्रदेशात नीमचच्या मंडीत अश्वगंधाही अशीच विकली जाते. मुसळीला आपल्याकडे हेच पाहिजे, हमीचं पत्रक नको.

म्हणून मागण्या साध्या आहेत. अकोट बाजार समितीनं हंगामात सुक्या मुसळीच्या लिलावाचा एक वार ठरवावा. करार करणाऱ्यानं खरेदीची रक्कम आधी बँकेत अडकवावी, मगच बेणं विकावं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे औषधी वनस्पतींचं उद्यान आहे, तज्ज्ञ आहेत; बेणं तपासून द्यायची सोय तिथं व्हावी. आणि पीकविम्याच्या यादीत मुसळी यावी. यातली एक तरी मागणी येत्या आमसभेत आपल्या लोकप्रतिनिधींच्या तोंडून ऐकू येऊ द्या.

तोवर बेणंवाला दारात आला तर त्याला चहा पाजा आणि एकच विचारा: "दादा, मागच्या साली सुकी मुसळी किती विकली, कोणाला विकली? पावती दाखवा." बेण्याची नाही, सुक्या मालाची. पावती दाखवली तर खुशाल लावा, मीही लावतो. नाही दाखवली तर चहाचा कप उचला.

पेरणीच्या आधी ही पोस्ट आपापल्या गावच्या ग्रुपवर टाका.