छपराची सावली मोजू नका
अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात किंवा शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात सीडरच्या फळ्यांचं छप्पर घालायचं ठरलं, की घरमालक ठेकेदाराला घराचं क्षेत्रफळ सांगतो, आणि अंदाज तिथेच चुकतो. (हा सीडर म्हणजे आपला देवदार नव्हे, त्याचं कूळच वेगळं.) वळचणीसकट ४० बाय ३० फूट, म्हणजे १२०० चौरस फूट, ही छपराची जमिनीवर पडणारी सावली झाली. दर १२ इंचांना ६ इंच चढ असेल तर तिला १.११८ ने गुणायचं. आकडा १३४२ वर जातो. तिकडे १०० चौरस फुटांना एक ‘स्क्वेअर’ म्हणतात. काटछाटीचे १५ टक्के धरले की १६ स्क्वेअर माल मागवावा लागतो. पण मला खरी काळजी वाटते ती न दिसणाऱ्या खर्चाची. सीडरच्या रसाने साधे खिळे गंजतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचे हवेत; थराथरांत डांबरी फेल्टची पट्टी हवी; खालून हवा खेळली नाही तर लाकूड कुजतं, म्हणून रिपांमध्ये फट हवी. स्वस्तात काम करून देणारा नेमकं हेच गाळतो. दरपत्रकात प्रत्येक बाब वेगळी लिहून घ्याच. शिवाय आगीचा प्रश्न आहे. १९९१ च्या कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या वणव्यात लाकडी छपरांनी आग घरोघर पोचवली. अग्निरोधक प्रक्रियेच्या फळ्या महाग पडतात, तरी त्याच घ्याव्यात, आणि माल मागवण्याआधी विमा कंपनीला विचारावं.