चाकांवरचा ओटा

कॅराव्हॅन नावाच्या प्रकाराशी माझं भांडण आहे. 2021 साली राज्य सरकारनं तिच्यासाठी खास धोरण काढलं. आम्हीही भाड्यानं एक घेऊन भर पावसात आंबोली गाठली. बाहेर धबधबा कोसळतोय, हिरण्यकेशीच्या उगमाकडे सारे निघालेत, आणि आमची ही आत टीचभर ओट्यावर पोहे परततेय! "अहो, तुम्ही या बघून. मला खिडकीतून दिसतंय."

घर चाकांवर घातलं की मोरी, भांडी सगळं मागून आलंच. मग सुट्टी मिळाली कुणाला? नुसतं चाकांवर बसायचं तर आमचा भिवंडीचा अंजूरफाटा काय वाईट? कंटेनरमागं तासभर, तेही फुकट! त्यापेक्षा साध्या लॉजात उतरावं, खानावळीत जेवावं.

दुसऱ्या दिवशी पोहे मी केले. खिडकीतून धबधबा बोटभर दिसतो.