बारा लिटरची जबाबदारी

मुकुंदवाडीत आम्ही चौघं एका खोलीत राहतो. खोलीत तीन कॉट (चौथा गादी टाकून खाली झोपतो), एक टेबल, एक ड्राफ्टर आणि खिडकीखाली माझ्या चार टाक्या. खोलीवर नवीन कुणी आलं की हमखास विचारतो, "अरे, एवढ्या छोट्या टाक्या कशाला? त्यापेक्षा एक मोठा, मस्त लायटिंगवाला टँक घे ना!" मित्रांनो, या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन मी दमलो. म्हणून यंदाच्या अंकासाठी कविता देण्याऐवजी हेच लिहायला घेतलं.

माझं म्हणणं सरळ आहे. मासे फक्त बघायचे असतील तर टाकी जेवढी मोठी तेवढी चांगली. पण माशांची पैदास करायची असेल तर छोट्या टाक्याच हव्यात, त्याही एकापेक्षा जास्त, आणि प्रत्येक टाकी त्या त्या माशाच्या स्वभावाप्रमाणे बदलून घेतलेली. आणि आपल्या भागात, जिथे नळाची वाट बघण्यात आठवडा जातो, तिथे तर दुसरा मार्गच नाही.

आधी कारण सांगतो. बरेचसे मासे स्वतःची पिल्लं आणि अंडी खातात. यात क्रूरता वगैरे काही नाही, त्यांना ते खाद्यच वाटतं. मोठ्या टाकीत गप्पीने पंचवीस-तीस पिल्लं दिली तरी सकाळी तुम्हाला दोन दिसतात, तीही शेवाळात लपलेली. म्हणजे पैदास झालीच, पण आपल्या हाती काही लागलं नाही. छोट्या वेगळ्या टाकीत मादी आधीच ठेवली, पिल्लं झाली की तिला उचलली, की काम झालं. पिल्लांना खाद्यही जवळ सापडतं. शंभर लिटरच्या टाकीत चिमूटभर खाद्य शोधणं म्हणजे त्या जीवांनी गजानन महाराज मंदिराच्या चौकातून क्रांती चौकापर्यंत चालत जाण्यासारखं आहे!

आता टाकी कशी निवडायची? दुकानात दिसतो तो गोल काचेचा बाऊल आधी डोक्यातून काढा. फर्स्ट इयरला मीही तोच आणला होता, दोन गोल्डफिश घालून. आठ दिवसांत दोन्ही गेले. छोटी टाकी आणि बाऊल यांत फरक आहे तो पृष्ठभागाचा. पाण्यात ऑक्सिजन जातो तो वरच्या पृष्ठभागातून. 30 बाय 23 सेंटिमीटरच्या टाकीत 18 सेंटिमीटर पाणी भरलं तर साधारण बारा लिटर होतं आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग 690 चौरस सेंटिमीटर. तेच बारा लिटर 15 बाय 15 च्या उंच बरणीत भरलं तर पृष्ठभाग फक्त 225. पाणी तेवढंच, पण श्वास एक तृतीयांश. म्हणून पसरट टाकी घ्या, उंच नको.

उंचीचं दुसरं गणित फ्लुइड मेकॅनिक्सवाल्यांना तोंडपाठ असेल, पण व्हायव्हा संपला की आपण ते विसरतो. काचेवरचा दाब पाणी किती लिटर आहे यावर ठरत नाही, खोलीवर ठरतो. 45 सेंटिमीटर लांबीच्या काचेवर 30 सेंटिमीटर पाणी असेल तर एकूण बल साधारण 20 किलो वजनाइतकं. पाणी 45 सेंटिमीटर केलं की तेच 45 किलोवर जातं. उंची दीडपट, बल सव्वादोनपट. त्यामुळे पसरट, उथळ टाकीला पातळ काच चालते आणि ती स्वस्तात पडते. जुन्या बाजारात, भंगारात अशा टाक्या मिळतात. फक्त घरी आणून वर्तमानपत्रावर ठेवायची, काठोकाठ भरायची आणि पूर्ण एक दिवस बघायचं. कागद ओला झाला तर जुनं सिलिकॉन ब्लेडने साफ खरवडून नवीन भरायचं, कारण जुन्यावर नवीन नीट चिकटत नाही. सिलिकॉन घेताना बाथरूमसाठीचं बुरशीरोधक घेऊ नका, त्यातलं औषध माशांना मारतं. साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं घ्या आणि दोन दिवस वाळू द्या. टाकीखाली थर्माकोल ठेवा, नाहीतर टेबलाचा एखादा खडा काचेला तडा देतो.

यानंतर टाकीला माशाच्या सवयीप्रमाणे बदलायचं. इथेच खरी गंमत आहे.

गप्पी, मॉली पिल्लंच देतात. त्यांच्यासाठी टाकीत दोन काचपट्ट्या इंग्रजी व्ही आकारात उभ्या करायच्या, खाली तीन-चार मिलिमीटरची फट ठेवायची. मादी वर राहते, पिल्लं फटीतून खाली निसटतात. बाजारात मिळणारी प्लास्टिकची पिल्लांची डबी मला पटत नाही. तेवढ्याशा जागेत मादी बिथरते आणि कधी कधी पिल्लं अर्धवट टाकते.

झेब्रा मासा अंडी विखरून टाकतो आणि लगेच खायला मागे फिरतो. त्यावर उपाय आपल्या लहानपणीचा आहे, गोट्या! टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्यांचे दोन थर द्या, वर दहा-पंधरा सेंटिमीटर पाणी. संध्याकाळी जोडी सोडा. पहाटे उजेड झाला की अंडी घालतात, ती गोट्यांच्या फटीत पडतात आणि आईबापांची तोंडं तिथे पोचत नाहीत. मासे काढून घ्या, दोन-तीन दिवसांत पिल्लं.

फायटर म्हणजे बेट्टाचं उलटं. तिथे बाप पिल्लांना सांभाळतो. नर पृष्ठभागावर फेसाचं घरटं बांधतो, म्हणून पाणी उथळ आणि अजिबात न हलणारं हवं. अर्धा थर्माकोलचा कप तरंगत ठेवला की त्याखाली घरटं टिकतं. अंडी घातली की मादी लगेच काढायची, नाहीतर नर तिला फाडतो. पिल्लं आडवी पोहायला लागली की नरही काढायचा. आणि टाकीवर झाकण हवंच, कारण पिल्लं पुढे वरची हवा घ्यायला लागतात, ती हवा कोरडी आणि थंड नको.

फिल्टर म्हणाल तर स्पंजचाच. मोटरवाला फिल्टर पिल्लं ओढून घेतो. स्पंजमध्ये जे जिवाणू वाढतात ते माशांच्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पण ते वाढायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून नवीन स्पंज आधी जुन्या टाकीत महिनाभर चालवून मग पिल्लांच्या टाकीत लावायचा. आपल्याकडे डिसेंबरात रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि छोटी टाकी पटकन गार पडते. मी चार हीटर घेत नाही. एका मोठ्या टबात एक हीटर आणि त्यात छोटे डबे ठेवतो, केमिस्ट्री लॅबमधल्या वॉटर बाथसारखे.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, छोटी टाकी म्हणजे सोपं काम. अजिबात नाही. छोटी टाकी चूक माफ करत नाही. सेकंड इयरच्या सबमिशनच्या आठवड्यात मी घाईत खालच्या हौदातलं पाणी थेट पिल्लांच्या टाकीत ओतलं. त्याच दिवशी हौदात ब्लीचिंग पावडर टाकली होती, आणि मी कुणाला विचारलंच नव्हतं. सकाळी चाळीसच्या चाळीस पिल्लं तळाशी पांढरी पडलेली. मोठ्या टाकीत एक बादली क्लोरीन पातळ झालं असतं. बारा लिटरमध्ये व्हायला जागाच नव्हती. तेव्हापासून पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्याशिवाय वापरत नाही, आणि घाई असेल तर हायपोचे खडे टाकतो.

पण त्या दिवशी मला जास्त लागलं ते घरमालकीण काकूंचं बोलणं. मी मेलेली पिल्लं टाकायला खाली गेलो, त्या म्हणाल्या, "इथली लेकरं पाण्यासाठी रेल्वेनं गेली अन् तू माशांला बादल्या भरतो. वर मारतो बी."

काकू चुकीचं बोलल्या नव्हत्या. 2019 साली मुकुंदवाडीची लहान मुलं रिकाम्या कळशा-कॅन घेऊन रेल्वेने औरंगाबाद स्टेशनला जायची आणि भरून परत यायची, जाऊन-येऊन 14 किलोमीटर. ती बातमी जगभर छापून आली होती. ज्या स्टेशनवरून मी दिवाळीला गावी जातो, त्याच फलाटावरून. नाथसागरासारखं धरण पैठणला, आणि आपण कॅन घेऊन रांगेत. अशा गावात मासे पाळणं ही चैन आहे का? मी हा प्रश्न टाळत नाही. मी तो वहीत मांडला.

माझ्या चार टाक्यांत मिळून साधारण 77 लिटर पाणी आहे. आठवड्याला चौथा भाग बदलतो, म्हणजे जेमतेम 20 लिटर. फ्लशच्या दोन-तीन वेळा. मित्र सुचवतात तो चार फुटी शोभेचा टँक अडीचशे लिटरचा, त्याला आठवड्याला साठ लिटर लागले असते. आणि माझे 20 लिटरही गटारात जात नाहीत. त्यात नायट्रेट असतं, झाडांना तेच खत. ते काकूंच्या कढीपत्त्याला आणि तुळशीला जातं. जो हा हिशोब ठेवणार नसेल त्याने आपल्या भागात मासे पाळूच नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा हिशोब पिल्लांचा. गप्पीची मादी साधारण महिन्याला एकदा पिल्लं देते आणि एका मीलनावर पुढे काही महिने देत राहते. सुरुवातीला मजा वाटते, तिसऱ्या महिन्यात खोली भरते. मग लोक ते सुखना नदीत किंवा सलीम अली सरोवरात सोडून पुण्य कमावतात. कृपा करून हे करू नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो आपल्या पाण्यात पसरला की इथल्या छोट्या माशांची अंडी-पिल्लं फस्त करतो. पिल्लं कुणाला देणार हे ठरल्याशिवाय जोडी लावू नये.

आणि द्यायला जागा आहे. पाणी रोज येत नाही म्हणून आपण ड्रम आणि हौद भरून ठेवतो, आणि त्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करायला सांगतात. पण मोठा हौद दर आठवड्याला कोण रिकामा करणार, तेही पुढचा नळ कधी येईल हे माहीत नसताना? तिथे गप्पी उपयोगी पडतो, अळ्या खातो. चारी बाजूंनी बंद अशा वापरायच्या पाण्याच्या हौदात तो सोडला तर नदीत जायचा धोकाही कमी.

गेल्या पावसाळ्यात गल्लीत दोन-तीन घरांत डेंग्यू झाला तेव्हा काकू स्वतः वर आल्या. खिडकीखालच्या टाक्या बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "दहा-बारा दे बरं हौदासाठी. शेजारच्या वहिनीलाबी पाहिजेत."

दिले. आता आमच्या गल्लीत पाच हौदांत माझे गप्पी आहेत. आणि ब्लीचिंग पावडर टाकायची असली की काकू आदल्या दिवशी जिन्यातून हाक मारतात, "अरे, तुझी लेकरं काढून घे!"