वाक्य आधी कानात रुजते

आज, 15 ऑक्टोबर. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस महाराष्ट्रात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. गावोगावच्या शाळांतून ग्रंथदिंडी निघेल, कलामांच्या प्रतिमेला हार घातला जाईल, एरवी कपाटात असलेली पुस्तके व्हरांड्यातल्या सतरंजीवर मांडली जातील आणि निदान काही वेळ मुले खरोखर वाचत बसतील. हा दिवस आम्हाला मोलाचा वाटतो, कारण त्याच्या निमित्ताने तरी कपाटांची कुलुपे उघडतात. पण याच सुमारास प्रथम सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मराठीच्या शिक्षकांशी बोलावे, तर एक दुःख हटकून ऐकू येते. मुलांना स्वतःच्या मनाने चार ओळी लिहिता येत नाहीत. साऱ्या वर्गाने पावसावर लिहिलेले असते आणि सगळ्यांच्या पावसात तोच मोर नाचत असतो.

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत लेखनाला जागा भरपूर आहे. पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन असे सगळे त्यात आहे. ज्यांनी ही आखणी केली त्यांनी विचारपूर्वक केली आहे. पण बातमी लिहायला सांगितलेल्या मुलाच्या घरी वर्तमानपत्र येत नाही आणि वर्गातही येत नाही. कथा लिहायला बसलेल्या मुलीने वर्षभरात पाठ्यपुस्तकाबाहेरची एकही कथा वाचलेली नसते. मग गाइडमधला नमुना पाठ करणे एवढाच मार्ग उरतो, आणि मुले तो प्रामाणिकपणे पत्करतात. त्यात त्यांचा दोष नाही. ज्या घाटाचे भांडे कधी पाहिलेच नाही, ते चाकावर घडवायला आपण त्यांना बसवतो.

मुलांकडे शब्द नाहीत, असे निदान नेहमी केले जाते. म्हणून समानार्थी शब्द, वाक्प्रचार, म्हणी यांच्या याद्या पाठ करून घेतल्या जातात. आमचे निरीक्षण वेगळे आहे. मुलांकडे शब्द पुष्कळ असतात. त्यांच्या कानात लिखित मराठीची वाक्ये नसतात. बोलताना आपण अर्धे वाक्य हाताने आणि चेहऱ्याने पुरे करतो. कागदावर तसे करता येत नाही. तिथे ‘असे असले तरी’, ‘तोवर’, ‘एवढ्यात’, ‘त्यापेक्षा’ असे सांधे लागतात, कोणती गोष्ट आधी सांगायची आणि कोणती राखून ठेवायची याचा अंदाज लागतो. पुण्यातल्या मुलाच्या घरीसुद्धा कोणी लिखित मराठी बोलत नाही. मग ज्याच्या घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, पावरी किंवा गोरमाटी बोलली जाते, त्या मुलाला ही वाक्ये भेटणार कुठे? एका पातळ पाठ्यपुस्तकात. तेही परीक्षेसाठी तुकडे पाडून, चौकटी आणि ओघतक्ते भरत वाचायचे. भाषेचा सांधा एकदा समजावून सांगितल्याने हाती येत नाही. तो शंभर ठिकाणी, शंभर प्रसंगांत भेटावा लागतो, आणि तशी भेट केवळ भरपूर वाचनातच होते.

हे भरपूर वाचन आपल्याकडे किती दूर आहे, हे मुलांची शालेय कौशल्ये तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहण्या सांगतात. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले 2018 मध्ये निम्मी होती. टाळेबंदीनंतर, 2022 मध्ये, ती सुमारे 43 टक्के उरली. ज्या मुलाची शक्ती अक्षर लावण्यातच संपते, त्याच्यापर्यंत वाक्याची लय पोहोचत नाही. अशा मुलांसाठी एक जुना, बिनखर्चाचा उपाय आहे: शिक्षकाने रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवणे. हे फक्त बालवाडीतच चालावे, असा आपला समज झाला आहे. तो सोडून द्यावा. आठवी-नववीच्या मुलांनाही चांगले वाचून दाखवलेले प्रकरण खिळवून ठेवते, आणि अडखळत वाचणाऱ्या मुलाला त्या दहा मिनिटांत इतरांइतकेच मिळते.

आपण मुलांकडून जो निबंध लिहून घेतो, तो प्रकार मराठीत रुजला तोच एका दांडग्या वाचकाच्या हातून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा त्यांच्यामागे संस्कृत काव्याचे आणि जॉन्सन, मेकॉले अशा इंग्रजी गद्यकारांचे कसून केलेले वाचन होते. वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलेले जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर त्यांनीच पुरे केले. परक्या लेखकाच्या एकेका वाक्याशी असे झुंजल्याशिवाय त्यांच्या मराठी वाक्याला तो पल्ला आणि तो आवेश आला नसता.

याच्या दुसऱ्या टोकाला लक्ष्मीबाई टिळक आहेत. त्या शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, घरी. तरीही ‘स्मृतिचित्रे’ इतके जिवंत गद्य मराठीत फार थोड्यांनी लिहिले आहे. कीर्तने, पुराणे, ओव्या आणि घरात सतत चालणारी कविता यांनी त्यांचा कान घडवला होता. पुस्तकातून असो वा ऐकून असो, लेखनाआधी कान भरलेला असावा लागतो, हे या दोघांकडे पाहून ध्यानात येते. आज कीर्तनाला बसणारी मुले थोडी आहेत. म्हणून पुस्तकावरचा भार वाढला आहे.

इथे एका गोष्टीचा आग्रह धरावासा वाटतो. वाचन म्हणजे केवळ प्रमाण मराठीचे वाचन, असे होऊ नये. उद्धव शेळके यांची ‘धग’, आनंद यादवांची ‘झोंबी’, व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’, प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथा यांतील निवडक पाने वरच्या वर्गांत जरूर वाचली जावीत. आपल्या आजीसारखे बोलणारे माणूस छापील पानावर दिसले की मुलाला जे बळ येते, ते कोणत्याही शाबासकीने येत नाही. आपले घर, आपला बांध, आपल्या गल्लीतले भांडण हा लेखनाचा विषय होऊ शकतो, हे त्याला पहिल्यांदा कळते. बहुतेक मुले मोरावर लिहितात, कारण आपल्या कोंबड्यांवर लिहिलेले चालते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

वाचले की आपोआप लिहिता येते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वाचनाकडून लेखनाकडे जाणारी वाट शिक्षकाने दाखवावी लागते. बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात आपली एक रीत सांगितली आहे. ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकातला निबंध वाचायचा, प्रत्येक वाक्याच्या आशयाची त्रोटक टिपणे करायची, काही दिवस ते बाजूला ठेवायचे, मग टिपणांवरून निबंध पुन्हा स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा. सातवीच्या वर्गात एका परिच्छेदावर हे सहज करता येते. लेखकाने इथे छोटे वाक्य का घातले? म्हातारीचे वर्णन न करता नुसते तिचे पाय का दाखवले? असे दोन प्रश्न फळ्याजवळ बोलले गेले, तर मुले वाचताना लेखकाच्या शेजारी बसू लागतात. उलट प्रत्येक पुस्तकानंतर सक्तीने पुस्तकपरिचय लिहायला लावला की मुले पातळ पुस्तक शोधतात. आमच्या मते ती सक्ती बंद करावी. काही पुस्तके कशासाठीही नसावीत, नुसती वाचावीत.

मुलांच्या लेखनाला वाचक मिळणे हीसुद्धा तितकीच निकडीची गोष्ट आहे. गुण देणारा परीक्षक हा वाचक नव्हे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना साने गुरुजी तिथल्या छात्रालयातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने काढत. सकाळी उठून मुले ते वाचायची. आपल्या गुरुजींनी रात्री जागून आपल्यासाठी लिहिले आहे, हे पाहिलेल्या मुलांना लेखन म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागले नसेल. आजही अनेक शाळांत भित्तिपत्रक असते, पण त्यावर बहुधा सुविचार आणि कात्रणे चिकटवलेली असतात. ते मुलांच्या हाती द्या. त्यांच्या चुकांसकट लावा. शुद्धलेखनाची लाल शाई दुसऱ्या खर्ड्यावर चालवता येईल.

व्यवस्थेविषयी थोडे बोलायलाच हवे. पट मोठा असेल तरच शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल मिळतो. बाकीच्या शाळांत कपाटाची किल्ली एखाद्या शिक्षकाकडे असते, आणि पुस्तक हरवले तर भरपाईची भीतीही त्याच्याच माथी असते. मग तो कपाट उघडत नाही. फाटलेले आणि हरवलेले पुस्तक हा वाचनाचा रीतसर खर्च मानून शाळांनी ते निर्लेखित करावे आणि शिक्षण विभागाने तसे लेखी कळवावे. एवढ्या एका कागदाने हजारो कपाटे उघडतील. पुस्तके नाहीत ही सबबही आता पूर्वीइतकी खरी नाही. बालभारतीचे ‘किशोर’ 1971 पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी विनामूल्य वाचता आणि छापता येतात.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. सुट्टीचा अभ्यास म्हणून दहा पाने शुद्धलेखन आणि पाढे देण्याची पद्धत आहे. या वेळी शिक्षकांनी मुलांच्या हाती एकेक पुस्तक किंवा मुलांसाठीचा एखादा दिवाळी अंक घरी द्यावा, आणि सोबत एक कोरी वही. पुस्तकातले जे वाक्य आवडेल ते त्यात उतरवायचे. घरातल्या एका माणसाला त्याच्या लहानपणाची एक गोष्ट सांगायला लावायची आणि ती त्याच्याच बोलीत लिहून काढायची. शाळा उघडल्यावर पहिल्या मराठीच्या तासाला धडा न घेता त्या वह्या मुलांनी एकमेकांना वाचून दाखवाव्यात, आणि शिक्षकांनीही आपली वही आणावी.